नळाला हात लावू नको

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर

क्रांती,

वर ‘चि. सौ.’ लिहिलं होतं, ते खोडलं. दोन वर्षांनी बापाचं पत्र हातात पडल्यावर तुला काय वाटेल याचा अंदाज येत नाही, म्हणून नुसतं नाव ठेवलंय. फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून टाकलायस. आक्काच्या फोनवरून बोलावं, तर ती शेजारी बसून डोळे पुसते. थोरली बहीण असली तरी तिच्या देखत मला बोलता येत नाही.

तुझी बातमी तिनंच सांगितली. ऐकून मी चपला घातल्या आणि रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. कशाला गेलो ते मला सांगता यायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरात होतं, एवढंच मला ठाऊक. आक्कानं तुला तसं विचारलं, तर तू म्हणालीस म्हणे की त्या स्वयंपाकघरात मी पाय ठेवणार नाही. तुझी आई तिथंच मोरीपाशी घसरली, खुबा मोडला आणि त्यातून ती उठली नाही. तेव्हा तू म्हणालीस, हे घर विका, नाहीतर एक दिवस ते तुमचाही जीव घेईल. त्यावर मी जे बोललो ते तुझ्याही लक्षात आहे आणि माझ्याही. ते आज उकरत नाही. आज उकरायला घेतलंय ते स्वयंपाकघर.

गडमुडशिंगीचा कृष्णात म्हणून प्लंबर आहे. पोरगा गुणी, पण तोंड मिटत नाही. ग्राइंडर लावून भिंत कापतोय. घरभर लाल धूळ, आक्का नाकाला पदर लावून पुढच्या खोलीत बसते आणि तिथून त्याला सूचना देते. मोरी काढून टाकली. तिथं आता स्टीलचं सिंक येणार, कट्ट्याच्या उंचीवर, म्हणजे वाकायला नको. सिंकला लागून भांडी धुवायचं मशीन. तुझ्याकडं आहे असं आक्का म्हणाली, म्हणून तसंच आणलं. वर पाण्याचा फिल्टर. न्हाणीतला छोटा गिझर काढून सिंकच्या वर बसवणार. बाळाच्या वाट्या-चमचे धुवायला गरम पाणी लागेल.

मला वाटलं होतं, मशीन आणायचं, नळाला जोडायचं, झालं. तसं नसतं. कृष्णातनं भिंतीतला तुझ्या आजोबांच्या वेळचा लोखंडी नळ कापला आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. आत गंज एवढा साचलेला की करंगळी जाईना. म्हणाला, “काका, ह्यो नळ न्हाय, नुसता गंज हाय. भिंतीनं धरलाय म्हणून हुबा हाय.” असल्या बारीक धारेवर मशीन चालत नाही, मध्येच बंद पडतं म्हणे. मग सगळ्या लोखंडी पायपा काढून प्लास्टिकच्या टाकायचं ठरलं. आणि जिथं मोरी कायम ओली असायची, तिथं भिंतीच्या आत नळाला चीर गेलेली निघाली. वरून कधी दिसली नव्हती. मी बघत उभा राहिलो. कृष्णात काय काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही.

काम संपलं की कळवतो. प्रकृतीला जप. राजवीररावांना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

आबा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२८ नोव्हेंबर

क्रांती,

झालं सगळं.

मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आक्का त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली, टीव्हीसमोर बसतात तशी. सिंकमधलं घाण पाणी उलटं मशीनमध्ये आलं. कृष्णातनं मशीनची सांडपाण्याची नळी वरपर्यंत उचलून वाकवून बांधली, मग ते थांबलं. दुसऱ्या खेपेला पेले असे निघाले की आक्कानं एकेक उजेडाला धरून पाहिला, वास घेतला आणि पुन्हा हातानं विसळून ठेवला. तिचा विश्वास बसायला वेळ लागेल.

वायरीचं काम मी स्वतः केलं. वायरमन बोलवा, असं कृष्णात म्हणत होता. जन्मभर एसटी चालवली, आंबोली घाटात धुक्यात गाडी बंद पडली तर बॅटरीच्या उजेडात वायरी जोडल्यात मी. मशीनला आणि गिझरला एकेक पॉइंट ओढायला माणूस कशाला पाहिजे? जुन्या बोर्डावरून ओढून घेतले.

आक्काचं मात्र काहीतरी चालू असतंच. सिंकमध्ये हात घातला की बोटांना मुंग्या येतात म्हणते. मी म्हटलं, तुझी शुगर वाढली असेल, डॉक्टरांनी सांगितलंय तसं होतं म्हणून. त्यावर म्हणाली, “त्यास्नी पायाचं सांगितलंय. ह्या हाताला येत्यात. आन् सिंकातच येत्यात.” नवीन वस्तू आली की ती काहीतरी खोट काढते. मिक्सर आला तेव्हाही महिनाभर पाट्यावरच वाटत होती.

तू तिला फोनवर “बघू” म्हणालीस. तुझ्या आईचं “बघू” म्हणजे होकार असायचा. तुझं काय ते मला माहीत नाही. पण ये. मधली खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, खिडकीला जाळी लावली आहे. सातवा लागला की ये. राजवीररावांना जमत नसेल तर मी घ्यायला येतो, तू फक्त ये म्हण.

आबा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
७ डिसेंबर

क्रांती,

थोडक्यात लिहितो. इतक्यात येऊ नको.

प्लास्टर अजून ओलं आहे. तुला या दिवसांत ओल बरी नाही. मागं सिमेंटचा वास मारतो, म्हणून शेगडी पुढच्या खोलीत आणली आहे आणि आक्का तिथंच स्वयंपाक करते. भांडी आम्ही परसात बादलीवर धुतो. विशेष काही नाही.

आक्काला फोनवर जास्त विचारत बसू नको, ती एकाचं दुसरं सांगते. मी तिला रबरी चपला आणून दिल्या, त्यावरून रुसली आहे. स्वयंपाकघरात चपला घालायच्या नाहीत ही तुझ्या आईची शिस्त, ती आक्का अजून पाळते.

मी रागावलोय असं समजू नको. तुझ्यावर नाही, कुणावरच नाही. फक्त आत्ता नको. केव्हा ते मी सांगेन. कारण विचारू नको.

आबा


सरकारी दवाखाना, कोल्हापूर
१२ डिसेंबर

क्रांती,

आधी हे वाच. आक्का जिवंत आहे. शुद्धीवर आहे. हृदयाचे ठोके मोजायचं यंत्र लावलंय, उजवा तळवा भाजलाय. डॉक्टर म्हणतात, धोका टळला असं आत्ताच म्हणत नाही, पण काळजीचं मोठं काही दिसत नाही.

आता बाकीचं. वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून लिहितोय. दुपारची वेळ आहे, लोक डबे घेऊन ये-जा करतायत. अक्षर हललं तर समजून घे.

प्लास्टर ओलं नव्हतं. प्लास्टर केव्हाच वाळलं होतं.

आक्काच्या मुंग्या खऱ्या होत्या. ज्या दिवशी ती शुगर आहे म्हणून मी तुला लिहिलं, त्याच दिवशी सकाळी पेला विसळताना माझ्याही हाताला काहीतरी चाटून गेलं. मी हात झटकला. पुन्हा नळाला लावला, काही नाही. वाटलं, भास झाला. तुला पत्र लिहिलं, पोस्टात टाकलं. दुसऱ्या दिवशी पायाखाली पाणी सांडलेलं होतं आणि मी अनवाणी होतो. तेव्हा हिसका कोपरापर्यंत आला.

टेस्टर लावला. सिंकच्या कडेला लावला तर दिवा लागला. नळाच्या तोटीला लावला, तर लागला. मशीनची पिन काढून ठेवली आणि पुन्हा लावला, तरी नळाला लागलाच. क्रांती, वायरीत करंट असतो हे मला कळतं. बोर्डात असतो, खांबावर असतो. पाण्यात कुठून आला? भिंतीत कुठं शिरलाय, फरशीखाली आहे का, सगळ्या घरात आहे का, काही कळेना. मी भिंतींना हात लावत, नव्हे, टेस्टर लावत फिरत होतो, आणि आक्का दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिला म्हटलं, खिळे शोधतोय.

तेव्हापासून मला त्या खोलीची भीती बसली. फिल्टरमधून थेंब पडला तरी मी मागं सरायचो. नळ बंद असला तरी मी त्याच्याकडं पाठ करून उभा राहायचो नाही. घाटात समोरून ट्रक अंगावर आला तर स्टिअरिंग माझ्या हातात असायचं. इथं हातात घ्यायलाच काही नव्हतं.

तू म्हणशील, वायरमन का बोलावला नाही? बोलावला असता तर पेठेत बातमी झाली असती, आक्कानं तुला सांगितलं असतं, आणि तू म्हणाली होतीस ते खरं ठरलं असतं. म्हणून मी आक्काला चपला दिल्या, शेगडी पुढं आणली आणि तुला येऊ नको असं लिहिलं. मला वाटलं, चार दिवसांत मी शोधून काढीन.

आणि ते पत्र वाचून परवा तू आलीस.

दार मीच उघडलं. तू उंबऱ्यात उभी होतीस, मागं राजवीरराव. दोन वर्षांनी. तू भरलेली दिसत होतीस आणि चेहरा तुझ्या आईचा झालाय. मी काय बोललो ते आठवत नाही, या-बसा म्हटलं असेन. तू बसली नाहीस. म्हणालीस, “ये म्हणायचं आणि मग येऊ नको म्हणायचं. हे पत्रातून कशाला, आबा? तोंडावर सांगा की.” मी प्लास्टरचं सांगायला लागलो. तू म्हणालीस, “बघू दे मला ते ओलं प्लास्टर,” आणि सरळ आत गेलीस.

तू चपला दारात काढल्या होत्यास. कट्ट्यावरचा पेला उचललास आणि सिंककडं वळलीस. फक्त पाणी प्यायचं होतं तुला. मशीनची पिन काढलेली होती, पण गिझर चालूच राहिला होता. त्याचा दिवा मला दारातून दिसत होता.

मी ओरडलो. “नळाला हात लावू नको” एवढंच ओरडलो, पण कसा ओरडलो ते मी ऐकलं. गाडीपुढं माणूस आडवा आला की ओरडायचो, तसा. आणि धावत येऊन तुझ्या हातावर मारलं. पेला फरशीवर पडून फुटला. तुझ्या मनगटावर माझी बोटं उठलेली मी बघितली, राजवीररावांनीही बघितली.

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. करंट. एवढा एकच शब्द. तो तोंडातून निघाला नाही. मी कट्ट्याला धरून नुसता उभा राहिलो. तू वाट बघितलीस. खरंच बघितलीस, मला दिसलं. मग तू म्हणालीस, “तुमच्या नळाचं पाणीसुद्धा आम्हाला नको,” आणि राजवीरराव म्हणाले, “आबा, आम्ही निघतो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचं जास्त लागलं.

मी तुमच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. गाडी वळलेली दिसली.

परत आलो तर आक्का स्वयंपाकघरात होती. फुटलेली काच गोळा करून तिनं फडकं धुवायला नळ सोडला होता. अनवाणी. माझ्यावर चिडून चपला काढून फेकल्या होत्या, तेही नंतर दिसलं. ती नळाला धरून उभी होती आणि सबंध अंग थरथरत होतं. तोंड उघडं, पण आवाज नाही. डोळे माझ्याकडं. ते डोळे मी आता कसे विसरू?

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. धरलं असतं तर दोघंही गेलो असतो, हे कळत होतं. पण हात मागं घेतला हेही खरं आहे, आणि ती ते बघत होती. भिंतीला पाट टेकवलेला होता, जेवायला बसायचा. तो उचलून तिच्या दंडावर घातला, जोर लावून. हात सुटला, ती खाली पडली. मग मी मेन स्विच पाडला. तो आधी पाडायचा असतो. मला तो शेवटी आठवला.

शेजारच्या उमरनं त्याची रिक्षा काढली. वाटेत आक्का श्वास घेत होती की नाही हे मला कळत नव्हतं. तिच्या नाकाशी हात धरला, तरी काही समजेना. उमर आरशातून बघत होता, सारखं म्हणत होता, “हाय काका, हाय. श्वास हाय तिचा.”

काल कृष्णात दवाखान्यात आला होता. पोरगा पांढराफटक पडलेला. माझ्यासमोर उकिडवा बसला. त्या तोंड न मिटणाऱ्या पोराला मी पहिल्यांदा गप्प बघितलं. मग म्हणाला, “काका, त्या लोखंडी नळाला एक तांब्याची उघडी तार गुंडाळलेली हुती. बोर्डाकडनं आलती. मला वाटलं, कुणीतरी नळ बांधून ठेवलाय. मी तोडली. तुमास्नी इचारलं न्हाय.”

ती घराची अर्थिंग होती. तुझ्या आजोबांच्या वेळच्या वायरमननं जमिनीत खड्डा न घेता तार नळाला बांधली होती, नळ जमिनीत जातो म्हणून. आपला गिझर आतून कधीचाच खराब झालेला असणार. त्याचा करंट त्या तारेतून, नळातून जमिनीत जात होता, आणि आपण त्याच गिझरच्या पाण्यानं आंघोळी करत होतो. लोखंड गेलं, तार तुटली, प्लास्टिक आलं. करंटला जायला वाट राहिली नाही. मग तो पाण्यात थांबला आणि जो हात लावील त्याची वाट बघत बसला.

कृष्णात विचारत होता, पोलिसात देणार काय? मी म्हटलं, वायरमन बोलवा असं तू मला सांगितलं होतंस. घरी जा, जेव.

आक्काचा फोन माझ्या खिशात आहे. कालपासून तुझं नाव त्यावर येतंय. मी उचलत नाही. उचलून काय सांगू, ती देवळात गेलीय? काल तेच सांगायचं ठरवलं होतं. आजही जमेल, पण

पुन्हा वाजतोय. उचलतो.


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२६ डिसेंबर

क्रांती,

मागचं पत्र त्या दिवशी पोस्टात टाकायचं राहिलं. तुझ्या फोननंतर ते कशाला, असं वाटलं. आता यासोबत ठेवतोय. फोनवर मी नीट बोललो नव्हतो. तू नुसतं “कुठल्या वॉर्डात?” विचारलंस आणि ठेवलास.

तू दवाखान्यात यायचीस तेव्हा मी खाली झाडाखाली जाऊन बसायचो, हे आक्कानं तुला सांगितलं असेल. तुला टाळत नव्हतो. माझ्या तोंडाकडं बघून तुला त्रास नको, एवढंच. तू गेल्यावर वर यायचो. पहिल्या दिवशी डबा उघडला, तर त्यात दोन माणसांचं जेवण होतं. आक्का म्हणाली, “माझं एवढं कवा हुतंय? खा गप.” मी खाल्लं. भाकरी तू केलेली होती का तुझ्या सासूबाईंनी, ते विचारायचं धाडस झालं नाही.

आक्का आता घरी आहे. तळव्याची पट्टी निघाली. दंडावर पाटाचा वळ मात्र निळाजांभळा आहे आणि आल्यागेल्याला ती तो दाखवते, करंटचं कमी सांगते आणि माझ्या मारण्याचं जास्त.

घराचं झालं ते असं. जुना बोर्ड, जुन्या वायरी, मी ओढलेले पॉइंट, सगळं काढलं. परसात खोल खड्डा घेऊन तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ-कोळसा घातला. तिथून घरभर नवीन तार फिरवली. गिझर नवा. बोर्डात एक बटण बसवलंय, कुठंही करंट उतरला तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं घर बंद पाडतं. वायरमननं मीटर लावून प्रत्येक नळ, सिंक, मशीन तपासलं, मला आकडे दाखवले. कृष्णात सगळा वेळ हजर होता, बोलावलं नसताना. त्यानं स्वतः नळाखाली हात धरला, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून. म्हणाला, “बघा काका.”

मी बघितलं. पण माझा हात पुढं झाला नाही.

सगळे गेल्यावरही झाला नाही. पाणी परसातून आणत राहिलो. मीटरवरचे आकडे मला पाठ होते, ते बटण दाबून बघितलं होतं, घर बंद पडतं हे डोळ्यांनी बघितलं होतं. तरी दारातून आत गेलो की आक्काचं ते उघडं तोंड दिसायचं. एकदा पाऊस नसताना रस्त्यात छत्री उघडावी तसा मी आक्काला बघायला आलेल्या चार माणसांसमोर रबरी चपला घालून चहाचा कप धरून दारात उभा होतो, आणि आक्का सिंकपाशी आरामात भांडी धूत होती. ती. जिला लागला ती. मी तिला म्हटलं, सर बाजूला. ती म्हणाली, “आकाराम, मी भ्याले असते तर उपाशी मेले असते. तू कुणासाठी भितोयस?”

काल दुपारी तिला उमरच्या घरी बसायला पाठवलं. दार आतून लावलं. चपला काढल्या. तांब्यातलं पाणी ओतून फरशी ओली केली आणि तिच्यात उभा राहिलो. गिझर चालू केला, मशीन चालू केलं, सगळं एकदम. हात नळापर्यंत गेला आणि थांबला. तसाच किती वेळ उभा होतो माहीत नाही. मशीनमधलं पाणी फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. मनात म्हटलं, मी हे केलं नाही तर उद्या ती इथं उभी राहील, पोटातल्या बाळासकट, आणि मी पुन्हा दारातून ओरडेन. मग धरला.

काही झालं नाही. गरम पाणी आलं. मी दोन्ही हातांनी नळ धरला, सिंक धरलं, मशीनवर हात ठेवला, आणि मग खालीच बसलो, ओल्यात. आक्का परत येऊन दार वाजवायला लागली तेव्हा उठलो.

तर स्वयंपाकघर सुरक्षित आहे, हे मी आता लिहू शकतो. पण एक लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. माझी भीती गेलेली नाही. ती कमी होईल असं सगळे सांगतात, पण तू नळ सोडशील तेव्हा मी दारात येऊन उभा राहीन, हे मला आत्ताच माहीत आहे. पाच-दहा वेळा विचारीन, हाताला काही झालं का. बाळाला आंघोळ घालताना मी शेजारी टेस्टर घेऊन बसलेला असेन. तुला त्याचा वैताग येईल. तुझ्या आईच्या वेळी मी एवढा भ्यालो असतो तर बरं झालं असतं. असल्या भित्र्या माणसाजवळ तुला राहवेल का, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर बाळंतपणाला आक्का तुझ्याकडं येईल, तिनं पिशवीसुद्धा भरून ठेवलीय. मी काही बोलणार नाही.

हे पोस्टात टाकत नाही. सकाळच्या गाडीनं घेऊन येतोय. तुझ्या हातात देईन आणि बाहेर उभा राहीन. वाचायला हवा तेवढा वेळ घे. दार लावलंस तरी चालेल, मी स्टँडवर जाऊन बसेन, संध्याकाळपर्यंत गाड्या आहेत.

जयसिंगपूरला मी आजवर शेकडो खेपा केल्या, पण तुझ्या दारापर्यंत कधी आलो नाही. आक्का म्हणते, उजव्या हाताला बेल आहे. ती दाबायला हात पुढं होतो का, बघतो.

आबा